तेरा दगडांचा जगज्जेता

भिवापूर,
दि. ८ सप्टेंबर १९७४

आदरणीय भाऊजी आनंदराव यांस,
विश्वनाथचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचे कार्ड मिळाले. खुशाली दोन ओळींत आणि महंमद अली बारा ओळींत, यावरून प्रकृती उत्तम असल्याचे समजले. इकडे मी आणि सौ. भागीरथा सुखरूप. मिरचीची रोपे नुकती लागली आहेत, माल बाजारात यायला पौष उजाडेल. तोवर मापाड्याला काम काय, तर काटा पुसून ठेवणे आणि तुमच्याशी भांडणे. दुसऱ्या कामात मी जास्त तयार आहे.

तुम्ही लिहिता की आजवरचे सगळे हेवीवेट जगज्जेते एका रिंगणात सोडले, तर शेवटी अली एकटा उभा राहील. भाऊजी, आपला तो बाब्या! मी म्हणतो, मार्सियानो. एकोणपन्नास लढती, एकोणपन्नास विजय, आणि न हरता निवृत्त. तुमचा अली दोनदा हरून बसला आहे, आणि या महिन्यात सध्याचा जगज्जेता फोरमन त्याला तिसऱ्यांदा निजवणार असे सगळे पेपर म्हणतात.

तुमचा मुख्य आक्षेप असा, की मार्सियानो लहानखुरा होता, आजच्या थोराड गड्यांपुढे तो टिकला नसता. आता ऐका. नागपूरच्या सदर भागातल्या रद्दीवाल्याकडून मी इंग्रजी मासिकांचा जो गठ्ठा आणला होता, त्यातली सगळी वजने मी वहीत उतरवली आहेत. विलायतेत माणसाचे वजन 'स्टोन'मध्ये देतात. स्टोन म्हणजे दगड, आणि दगड म्हणजे काय हे भिवापूरच्या मापाड्याला कोणी सांगायला नको. आमच्या बाजारात पूर्वी पाच शेराचा धोंडाच पारड्यात टाकत. पुढे किलो आले, लोखंडी मापे आली, तरी पाच किलोच्या मापाला आम्ही अजून दगडच म्हणतो. त्या हिशेबाने मार्सियानो तेरा दगड, म्हणजे पासष्ट किलो. डेम्प्सीही तेराच्या आसपास, आणि त्याने साडेसतरा दगडांच्या विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा लोळवले. जुना फिट्झसिमन्स तर पुरता बारा दगडसुद्धा नव्हता, म्हणजे साठ किलोच्या आत, आणि तोही हेवीवेटचा जगज्जेता. आता बोला.

वजन पारड्यात बसते भाऊजी, ठोसा बसत नाही. माझा भाचा रविंद्र सत्तर किलोचा आहे, म्हणजे मार्सियानोहून पाच किलो जास्तच. हा सगळा तक्ता मी स्वच्छ अक्षरात लिहून त्याला पाठवला आहे. भिंतीवर लाव म्हणावे.

सिंधूताईस जयभीम. भाची चि. प्रेमिलास आशीर्वाद. भांडण जोरात चालू ठेवावे, लोभ त्याहून पसाभर जास्त असू द्यावा.

आपला,
विश्वनाथ

*

इंदोरा, नागपूर,
दि. २२ सप्टेंबर १९७४

प्रिय विश्वनाथराव यांस,
आनंदरावचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पासष्ट किलोचा हेवीवेट जगज्जेता ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही. आमच्या पार्सल ऑफिसात पासष्ट किलोचा मी आहे, आणि मला अजून एकही हमाल घाबरलेला नाही. पण वजनाच्या बाबतीत तुमच्याशी वाद घालायला मी खुळा नाही. तीस वर्षे झाली, तुमच्या काट्यावर शेतकरी डोळे मिटून माल टाकतो. तेव्हा आकडा मान्य. मार्सियानो मान्य नाही.

त्याने ज्या जुन्या जगज्जेत्या लुईसला पाडले तो सदतीस वर्षांचा, दमलेला लुईस होता. प्रत्येक जण आपापल्या काळात समोर उभा राहील त्यालाच मारतो, त्यात काही चूक नाही. पण पिढी पुढे सरकते तशी माणसे मोठी होतात. घरातच पाहा. आपल्या वडिलांना जे पोटभर मिळाले नाही ते रविंद्रला मिळाले, आणि तो माझ्याहून वीतभर उंच निघाला. जगज्जेत्यांचेही तसेच असणार. मार्सियानोला आजच्या फोरमनसमोर उभा केला तर मी डोळे झाकून घेईन.

आणि मला अली आवडतो तो उंचीवजनासाठी नाही. सदुसष्ट साली टेरेल नावाच्या, त्याच्याहूनही उंच गड्याने त्याला मुद्दाम धर्म बदलण्याआधीच्या जुन्या नावाने हाक मारली. अलीने त्याला पंधरा फेऱ्या बडवले, आणि बडवता बडवता विचारत राहिला की माझे नाव काय. छप्पन साली दीक्षा घेऊन आपण घरी आलो, त्यानंतरही आमच्या जुन्या मोहल्ल्यातला एक दुकानदार मला वर्षभर जुन्याच जातीने हाक मारत होता. मी काही न विचारता मीठ-मिरची घेऊन घरी येत असे. ते मला अजून डाचते. म्हणून अली.

सरावात फोरमनची भुवई फाटल्यामुळे लढत महिनाभर पुढे गेली, हे तुम्ही वाचले असेलच.

रविंद्रचे काय लिहू? चोविसावे वर्ष लागले, गिरणीत चार वर्षे झाली, अजून बदलीच. रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे, कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या मागावर जायचे, सगळे आले तर परत यायचे. मस्टरवर नाव नाही. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, 'ए बदली' म्हणून हाक मारतो. संध्याकाळी गिरणीच्या क्लबात मुष्टियुद्धाचा सराव, एकाहत्तर किलोच्या गटात, तेवढाच त्याचा आनंद. मी आडवा येत नाही, पण एकुलता एक मुलगा आहे, नाक मोडून आला की सिंधू दोन दिवस माझ्याशीच बोलत नाही.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणार आहातच. मुक्काम आमच्याकडे. वादात हरायला या, पण जेवूनच जा.

आपला,
आनंदराव

*

इंदोरा, नागपूर,
दि. ४ ऑक्टोबर १९७४

ती. मामांस,
रविंद्रचा सा. जयभीम.

हे पत्र मी गिरणीजवळच्या पेटीत टाकत आहे, उत्तरही गिरणीच्या क्लबाच्या पत्त्यावर पाठवावे. बाबांना यातले काही माहीत नाही, आणि तुम्हीही तूर्त सांगू नये अशी विनंती.

दहा नोव्हेंबरला, रविवारी, गिरण्या आणि खाणींच्या क्लबांची दर वर्षीची स्पर्धा सदरच्या हॉलमध्ये आहे. त्यात शेवटी खुला गट असतो, त्याला वजनाची अट नसते. आमचा जो हेवीवेट गडी होता तो भिलाईला नोकरीवर गेला. खुल्या गटात उतरायला कोणी तयार नाही. आमच्या विव्हिंग मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितले की खुल्या गटाचा कप जो आणील, त्याचे नाव ते एक जानेवारीपासून कायम मस्टरवर चढवतील. मी नाव दिले. तसाही मी बदलीच आहे, आणखी एकाच्या बदली उभा राहिलो.

समोर धोंडबा आहे. उमरेडच्या बाजूच्या एका कोळसा खाणीचा. तीन वर्षे हा कप त्याच्याकडेच आहे. वजन त्र्याण्णव किलो. मी त्याला गेल्या वर्षी पाहिले होते, त्याला मान अशी नाहीच, डोके सरळ खांद्यावर ठेवले आहे. नाव दिल्यावर दोन रात्री मी जागाच होतो, ते तुम्हाला खरे सांगतो.

मग भिंतीवरच्या तुमच्या तक्त्यावर नजर गेली. सन पस्तीस. जो लुईस, चौदा दगड, सत्तर किलो. समोर कार्नेरा, साडेअठरा दगड, साडेब्याण्णव किलो. सहाव्या फेरीत निकाल, लुईस विजयी. मामा, हे तर हुबेहूब माझे आणि धोंडबाचे वजन! मी ती ओळ दहा वेळा वाचली. जे एकदा झाले ते परत होऊ शकते. तेव्हापासून झोप छान लागते.

लुईसने नेमके काय केले ते तुमच्या मासिकात असेल तर कळवा. मामींना सा. जयभीम.

तुमचा,
रविंद्र

*

भिवापूर,
दि. ९ ऑक्टोबर १९७४

चि. रविंद्र यास,
मामाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र वाचले आणि मामीला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली की पोराला असले काही शिकवू नका. मी तिला तक्ता दाखवला. तिने तक्त्याकडे पाहिलेच नाही, भाकरी थापत राहिली. बायकांना आकड्यांचे महत्त्व कळत नाही.

मासिकात लिहिले आहे त्यापेक्षा मी काट्यावर जे पाहिले ते सांगतो. भरलेले पोते कधी वरून पडत नाही, खालून सरकते तेव्हा पडते. उंच माणसाच्या डोक्याच्या नादी लागू नको. जवळ शिर, आणि डाव्या बरगडीखाली मार. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, त्याच जागी. मोठ्या देहाला वारा जास्त लागतो, तो वारा तिथून काढून घे. तिसऱ्या फेरीत तो तुझाच आहे.

भाऊजींना मी काही बोलत नाही. दसऱ्याला येईन तेव्हा दोघेही गुपचूप बसू. आमच्या घराण्यात आजवर कोणाचे नाव कशाच्या मस्टरवर नव्हते, भाऊजी सोडून. तुझे लागलेच म्हणून समज.

मामाचा जीव तुझ्यात आहे, तब्येत सांभाळ.

तुझा,
विश्वनाथमामा

*

इंदोरा, नागपूर,
दि. २७ ऑक्टोबर १९७४

विश्वनाथराव यांस,
जयभीम.

दसऱ्याला तुम्ही आलात, दोन रात्री राहिलात, माझ्या ताटाला ताट लावून जेवलात, आणि एक शब्द बोलला नाहीत. काल सदरमध्ये स्पर्धेचे छापील पत्रक माझ्या हातात आले. त्यात माझ्या मुलाचे नाव त्र्याण्णव किलोच्या माणसासमोर छापलेले मी रस्त्यात उभा राहून वाचले.

घरी येऊन मी त्याला विचारले की तुझे डोके ठिकाणावर आहे काय. त्याने तुमच्या तक्त्याकडे बोट दाखवले. मी तक्ता काढून घेतला आणि आज ऑफिसात नेला. आमच्या कपाटात इंग्रजांच्या वेळचे वजनमापाचे एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात लिहिले आहे ते तसेच उतरवतो. चौदा पौंड म्हणजे एक स्टोन. आजच्या मापाने सहा किलो साडेतीनशे ग्रॅम.

पाच किलो नव्हे, विश्वनाथराव. इंग्रजांचा स्टोन हा भिवापूरच्या बाजारातला दगड नव्हे. तुमचा पासष्ट किलोचा मार्सियानो ब्याऐंशीच्या वर होता. लुईस एकोणनव्वद होता. ती सगळी मोठीच माणसे होती, आणि माझा मुलगा खरोखर सत्तर किलोचा आहे.

मी त्याला हे सांगितले. तो ऐकून घेतो आणि सरावाला जातो. माझे तो ऐकत नाही, तुमचे ऐकतो. तुम्ही त्याला भरीस घातले, आता तुम्हीच मागे घ्या. उलट टपाली लिहा की नाव काढून घे. सिंधूला अजून तक्त्याचे काही सांगितलेले नाही. तिला कळले तर ती तुमचे तोंड पाहणार नाही, आणि मी तिला अडवणार नाही.

आनंदराव

*

भिवापूर,
दि. ३० ऑक्टोबर १९७४

चि. रविंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

भाऊजींचे पत्र काल आले. तेव्हापासून मी घराबाहेर एकदाच पडलो आहे. त्यांनी लिहिले ते खरे आहे. इथल्या हायस्कूलच्या हेडमास्तरांकडे जाऊन मी खात्री करून घेतली. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

तीस वर्षे मी माप केले रविंद्र. माझ्या काट्याखाली कोणी खडा ठेवला नाही, आणि पारड्याला मी कधी बोट लावले नाही. गावोगावचे लोक म्हणतात की विश्वनाथ मापाड्याने सांगितले म्हणजे सांगितले. आणि माझे माप पहिल्यांदा चुकले ते कोणाचे, तर घरच्या पोराचे. दगड हा शब्द ओळखीचा दिसला आणि मी पुढे विचारलेच नाही. इंग्रजांचा दगड वेगळा असेल असे माझ्या मनात आले नाही. मला माझी लाज वाटते.

नाव काढून घे. मार्सियानो लहान नव्हता, लुईस लहान नव्हता. मी म्हटले म्हणून तू उतरला होतास, आता मीच म्हणतो की उतरू नको. मस्टर पुढच्या वर्षीही येईल. डोळा गेला तर येत नाही. हवे तर क्लबात सांग की मामा आजारी आहे, भिवापूरला जावे लागते. ते खोटेही होणार नाही.

स्पर्धेला मी येणार नाही. तू नाव काढलेस तर यायचे कारण नाही, आणि नाही काढलेस तर ते पाहायची माझी छाती नाही.

मामीने रात्रीपासून मला एकही टोमणा मारला नाही, यावरून तिला किती काळजी वाटते ते समज.

तुझा,
मामा

*

इंदोरा, नागपूर,
दि. ३ नोव्हेंबर १९७४

ती. मामांस,
सा. जयभीम.

तुमचे पत्र वाचून मला लढतीपेक्षा तुमचीच धास्ती वाटली. आधी जेवा, मग पुढचे वाचा.

बाबांनी त्या पुस्तकातला आकडा सांगितला त्या दिवशी मीही गार पडलो होतो, नाही म्हणत नाही. फाटकाशी उभा असताना पेन्सिलीने हातावर हिशेब करू लागलो. लुईस खरा एकोणनव्वद किलो. कार्नेरा खरा एकशे अठरा. म्हणजे लुईस कार्नेराच्या पाऊणपट. मग माझा आणि धोंडबाचा केला. सत्तर आणि त्र्याण्णव. मी धोंडबाच्या पाऊणपट. पुन्हा पुन्हा करून पाहिला, पाऊणच येतो.

मामा, तुम्ही दगड पाच किलोचा धरलात की सहा किलो साडेतीनशे ग्रॅमचा, तो दोन्ही पारड्यांत एकच होता. इकडे कमी धरलात तसा तिकडेही कमी धरलात. माणसे छोटी झाली, त्यांच्यातले अंतर होते तेवढेच राहिले. मापाड्याचा दगड खोटा असेल, काटा खरा होता. हे मी बाबांनाही दाखवले. त्यांनी कागदावर स्वतः करून पाहिले, मग म्हणाले की पाऊण माणसालाही पूर्ण माणसाइतकेच लागते. ते बरोबर आहे. पण ते उठून गेले नाहीत.

आणि दुसरे असे की मी आता तक्त्यासाठी उतरत नाही. चार वर्षे मी ज्याच्या त्याच्या मागावर उभा राहिलो, पगार झाला, पण हाक कोणी नावाने मारली नाही. त्या पत्रकावर रविंद्र आनंदराव असे छापले आहे. गिरणीच्या कुठल्याही कागदावर माझे पूर्ण नाव मी पहिल्यांदा पाहिले. ते मी माझ्या हाताने खोडणार नाही. लागेल त्याची मला कल्पना आहे आणि मला भीती वाटते, तरी खोडणार नाही.

तुम्हाला कळलेच असेल, बुधवारी अलीने फोरमनला आठव्या फेरीत झोपवले. दोरांना टेकून, हात तोंडावर घेऊन, मार खात राहिला, आणि फोरमन मारून मारून दमला तेव्हा पुढे आला. बाबांनी पेपर तीन वेळा वाचला. शेजारच्यांनाही वाचून दाखवला. वाचून झाल्यावर त्यांनी आईला विचारले की आपल्याकडची ती छोटी बादली कुठे आहे. रिंगणाच्या कोपऱ्यात पाणी ठेवायला माणूस लागतो.

तुम्ही आलात तर बरे वाटेल. नाही आलात तरी बरगडी माझ्या लक्षात आहे. मामींना सा. जयभीम.

तुमचा,
रविंद्र

*

इंदोरा, नागपूर,
दि. १४ नोव्हेंबर १९७४

चि. विश्वनाथ यास,
सिंधूताईचा आशीर्वाद अन् जयभीम.

हे पत्र मी सांगून राहिली अन् प्रेमिला लिहून राहिली. तिले म्हटलं, जसं माझ्या तोंडून निघते तसंच लिही, शाळेतलं शुद्ध करू नको. तुया दगडाचं मले समदं समजलं. प्रेमिलानंच सांगितलं. मी तुयावर रागावली होती, आता थोडीशीच आहे.

तू काहून आला नाही गा? तुये भाऊजी दर दोन मिनिटांनी दरवाज्याकडे पाहत होते. विचारलं तर सांगत होते का हवा येते का पाहून राहिलो.

मी गेली होती. बायांमध्ये मी अन् प्रेमिला, दोघीच. थो धोंडबा आला तवा मले वाटलं का खाणीनं दोन माणसं पाठवली. पहिल्याच झटक्यात रविच्या भुवईवर मारलं, रक्त आलं, अन् पोट्टा खाली बसला. पंच आकडे मोजून राहिला, अन् माझ्या मनात एकच आलं. तू अन् तुये भाऊजी वीस वर्षांपासून चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लिहून राहिले का हा मोठा का थो मोठा. तुमचे पैलवान एकमेकाले कधी भेटलेच नाही बापा, म्हणून तुमचं बरं चाललं. कोणाचं रक्त निघालं नाही. माझा भेटला.

आठ मोजले तवा रवि उठला. तुये भाऊजी कोपऱ्यातून बादली हातात घेऊन ओरडून राहिले का दोराले टेक, दोराले टेक. दुसऱ्या पारीत थो दोराले टेकला अन् हातानं तोंड झाकून उभा राहिला. थो मोठा मारे, मारे, मारतच राहे. मी मोजणं सोडून देलं. मंग त्याचा दम लागला. तवा रवि आत घुसला अन् डाव्या बरगडीखाली मारू लागला, तिथंच, तिथंच, कुणबीण एकाच ढेकळावर कुदळ मारते तसा. तिसऱ्या पारीत धोंडबा तोंडानं वारा घेऊन राहिला होता. घंटी झाली तवा दोघंही उभेच होते.

तीन पंच होते. दोघांनी धोंडबाले देलं, एकानं रविले. म्हणजे आपला हरला. मी कोणाले नावं ठेवत नाही, पहिल्या पारीत पडला होता थे खरं आहे.

त्यांचे मास्तर आले. म्हणाले का लढला चांगला, पण बोली कपाची होती, कप आला नाही, उद्या रोजच्यासारखा फाटकावर ये. रवि म्हणे का येतो, पण आता नावानं बोलवा. तर मास्तरांनी विचारलं का तुझं नाव काय आहे. चार वर्षं झाली विश्वनाथ. त्यायले माहीतच नव्हतं. तुये भाऊजी बादली खाली ठेवून पुढं गेले अन् पोराचं पुरं नाव सांगितलं, आपल्या नावासकट, एवढ्या मोठ्यानं का हॉलमधले लोक वळून पाहू लागले. मी त्यांचा आवाज लग्न झाल्यापासून तेवढा कधी ऐकला नव्हता.

मंगळवारी सकाळी दारात कोणी तरी उभं, अन् घरात अंधार पडला. धोंडबा होता. संगं त्यांच्या खाणीचे शिकवणारे होते. त्यायचं म्हणणं असं का त्यांच्या क्लबात एकाहत्तर किलोवाला कोणी नाही, दोन वर्षांपासून पाहून राहिले. रविले खाणीत नोकरीवर घेतो, एक डिसेंबरपासून, बदली नाही, पहिल्याच दिवशी कायम. फक्त एक अट, का एक किलोच्या वर वजन वाढू द्यायचं नाही. हे ऐकून तुये भाऊजी खाटेवर बसले अन् पाणी मागितलं.

मी धोंडबाले जेवू घातलं. सात भाकरी खाल्ल्या, लाजत लाजत. माणूस गरीब आहे स्वभावानं. मी त्याले विचारलं का बाबा, तू तर जिंकला, मंग माझ्या पोराची शिफारस करायले इतक्या लांब काहून आला. तर त्यानं सदरा वर करून डावी बाजू दाखवली, काळीनिळी. म्हणे का दोन राती झाल्या, या कुशीवर निजता येत नाही, अन् हा पोट्टा मले परत समोर नाही पाहिजे, बाजूले पाहिजे.

हॉलमध्ये मी रडली नव्हती. हे ऐकलं अन् चुलीपाशी जाऊन रडली.

रविच्या भुवईले तीन टाके आहेत, ताप नाही, भूक चांगली आहे. रविवारी तू अन् भागीरथा दोघंही या. येतानी लाज भिवापुरातच ठेवून ये, अन् मिरची घेऊन ये. माया आहे तेवढीच आहे, कमी झाली नाही.

तुयी,
सिंधूताई